चालू व्हीपीएसची सिस्टम डिस्क एन्क्रिप्ट करताना: दार आधी तपासा, कुलूप नंतर लावा

भाड्याच्या व्हीपीएसवर (होस्टिंग कंपनीच्या मोठ्या संगणकातला आभासी सर्व्हर) ‘माझी डिस्क’ म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधली एक मोठी फाइल असते, किंवा सामाईक स्टोरेजचा एक तुकडा. होस्टिंगच्या पॅनलवर स्नॅपशॉटचं बटण दाबलं की तिची अख्खी नक्कल निघते. ती नक्कल कुठे पडून राहते आणि किती दिवस, हे आपल्याला दिसत नाही. त्या डिस्कवर एखाद्या दवाखान्याच्या पेशंटच्या नोंदी असतील, पतसंस्थेच्या सभासदांची यादी असेल, किंवा नुसती घरच्यांची मेल असेल. ती उघडी ठेवणं मला पटत नाही. २०२३च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. पण कायदा नसता तरी लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती जपणं हे आपलंच काम होतं.

एन्क्रिप्शन हा या कामातला सोपा भाग आहे. एक कमांड, दहा-पंधरा मिनिटं. कस लागतो तो नंतरच्या पहिल्या रीबूटला. सर्व्हर परदेशात, समोर कीबोर्ड नाही, आणि तो पासफ्रेज (डिस्क उघडायचा लांब पासवर्ड) मागत थांबलेला. म्हणून इथे क्रम असा ठेवला आहे: कुलूप बाहेरून उघडायची सोय आधी, मग तिची रंगीत तालीम, आणि खरं कुलूप सगळ्यात शेवटी.

उदाहरणासाठी डेबियन १२ घेतलं आहे: केव्हीएमवरचा (लिनक्सची आभासी मशीन चालवायची सोय) व्हीपीएस, ४० जीबी डिस्क, त्यातले साधारण ११ जीबी भरलेले, फाइलसिस्टिम एक्स्ट४. उबुंटूवर बहुतेक सगळं असंच आहे. जिथे फरक पडतो तिथे सांगेन. कमांड आणि त्यांचे पर्याय इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर टाइप करण्याआधी प्रत्येक कमांडचं मॅन पान उघडा. तुमच्या डिस्कचं नाव व्हीडीए असेल की एसडीए, हे एलएसबीएलके चालवून स्वतः बघितल्याशिवाय एकही कमांड एंटर करू नका. रेस्क्यू मोडमध्ये (पॅनलवरून सुरू होणारी, आपल्या डिस्कबाहेरची तात्पुरती सिस्टीम) हे नाव बदललेलंही असू शकतं.

यातून काय वाचतं

स्नॅपशॉट, होस्टिंगवाल्याकडचे बॅकअप, भंगारात गेलेली डिस्क, व्हॉल्यूम चुकून दुसऱ्याच्या हाती पडणं, या सगळ्यांपासून संरक्षण मिळतं. चालू सर्व्हरमध्ये कोणी एसएसएचने (दुरून लॉगिन करायची वाट) किंवा वेब ॲपच्या भोकातून शिरला तर मात्र काहीच मिळत नाही, कारण चालू असताना डिस्क उघडीच असते. हायपरव्हायजरवर (आभासी मशीन चालवणारी होस्टची सिस्टीम) ताबा असलेला माणूस तुमच्या मशीनची मेमरी वाचू शकतो आणि किल्ली त्याच मेमरीत असते. स्नॅपशॉट घेताना पॅनल ‘मेमरीसह’ असा पर्याय देत असेल तर तो कधीच निवडू नका, नाहीतर किल्ली आणि पेटी एकाच गाठोड्यात बांधली जाईल. एएमडीच्या एपिक प्रोसेसरवरचं एसईव्ही हे तंत्र मेमरीच एन्क्रिप्ट करतं, पण ते होस्टिंगवाल्याने चालू केलेलं असावं लागतं.

बूट पार्टिशन, म्हणजे सर्व्हर सुरू होताना आधी वाचला जाणारा डिस्कचा छोटा भाग, उघडंच राहणार आहे. त्यात कोणी फेरफार केला तर पासफ्रेज चोरता येतो. हा धोका मी पत्करतो. ज्यांना तो परवडत नाही त्यांनी भाड्याच्या मशीनवर ती माहिती ठेवूच नये.

बॅकअप, आणि तो उघडून बघणं

पूर्ण बॅकअप सर्व्हरबाहेर घ्या. नुसता घेऊन थांबू नका, त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या मशीनवर परत काढून बघा, डेटाबेस असेल तर त्याचा डंप खरोखर लोड करून बघा. पॅनलचा स्नॅपशॉटही घ्या, तो परतीची वाट म्हणून कामाचा आहे. पण काम संपल्यावर तो पुसायचा आहे, हे आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा.

फाइलसिस्टिम कोणती आहे ते डीएफला टी पर्याय देऊन तपासा. एक्स्ट४ असेल तर पुढे चला. एक्सएफएस आकसत नाही. तिथे जागच्या जागी एन्क्रिप्शनचा नाद सोडा: रेस्क्यू मोडमधून सगळं आरसिंकने बाहेर न्या (हार्डलिंक, एसीएल आणि एक्सटेंडेड ॲट्रिब्यूट जपणारे पर्याय लावून), लक्सने (लिनक्सची डिस्क एन्क्रिप्ट करायची पद्धत) नवं पार्टिशन तयार करा आणि परत भरा. बूटचं पुढचं काम दोन्हीकडे सारखंच.

चालू सर्व्हरवरची तयारी

मॉडप्रोब चालवून डीएम-क्रिप्ट हे एन्क्रिप्शनचं मॉड्यूल लोड होतंय का बघा. मग प्रोकमधल्या सीपीयूइन्फो फाइलमध्ये ‘एईएस’ हा फ्लॅग शोधा. तो असेल तर एईएसचं गणित प्रोसेसर स्वतः करतो आणि रोजच्या कामात फरक क्वचितच जाणवतो. क्रिप्टसेटअप बेंचमार्कने खरा वेग कळेल. एईएस-एक्सटीएस, ५१२ बिट ही ओळ आपली.

आता दोन पॅकेजं बसवा: क्रिप्टसेटअप-इनिट्रॅमएफएस आणि ड्रॉपबेअर-इनिट्रॅमएफएस. ड्रॉपबेअर हा छोटा एसएसएच सर्व्हर आहे. रूट डिस्क (जिच्यावर सगळी सिस्टीम असते ती) उघडण्याआधी मेमरीत जी चिमुकली सिस्टीम उठते, म्हणजे इनिट्रॅमएफएस, तिच्यात तो बसतो. त्याच्यातून आत शिरून आपण पासफ्रेज देणार.

डेबियन १२मध्ये त्याच्या सेटिंग ईटीसीखालच्या ‘ड्रॉपबेअर’ फोल्डरमधल्या ‘इनिट्रॅमएफएस’ फोल्डरमध्ये असतात. डेबियन ११पर्यंत हे फोल्डर वेगळ्या नावाचं होतं. जुने लेख वाचून भलत्या जागी फाइल ठेवली की किल्ली आत जातच नाही. तिथल्या ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये तुमची एसएसएचची सार्वजनिक किल्ली टाका. शक्यतो या कामासाठी वेगळी किल्ली बनवा आणि दुसऱ्या लॅपटॉपवरची आणखी एक टाका. ईडी२५५१९ प्रकारची किल्ली चालते. कॉन्फ फाइलमध्ये पोर्ट २२२२, पासवर्ड लॉगिन बंद, दोन्ही प्रकारचं फॉरवर्डिंग बंद आणि १८० सेकंद शांत राहिल्यास कनेक्शन तोडणे, एवढं लिहा.

पोर्ट वेगळा ठेवण्याला कारण आहे. ड्रॉपबेअरची होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली) नेहमीच्या एसएसएचहून निराळी असते आणि ती उघड्या बूटमध्ये राहते, म्हणजे डिस्कची नक्कल ज्याच्या हाती जाईल त्याला ती मिळेल. ओपनएसएसएचची खरी होस्ट की इथे वापरण्याचा मोह टाळा. पोर्ट वेगळा असला की तुमच्या नोन-होस्ट्समध्ये (लॅपटॉपवरची ओळखीच्या सर्व्हरची यादी) दोन्ही ओळी शेजारी नांदतात आणि ‘होस्ट की बदलली’ ही धमकी रोज बघावी लागत नाही. ती धमकी रोज दिसायला लागली की माणूस ती वाचणं सोडून देतो, आणि खरी वेळ येते तेव्हाही पुढे जातो.

नेटवर्क डीएचसीपीवर (आयपी आपोआप मिळायची सोय) असेल तर काही लिहावं लागत नाही. आयपी स्थिर असेल तर इनिट्रॅमएफएस-टूल्सच्या कॉन्फ फाइलमध्ये ‘आयपी=’ अशी एक ओळ हवी. तिच्यात कोलनने तोडलेले भाग असे येतात: आपला आयपी, मग एक रिकामी जागा, गेटवे, नेटमास्क, होस्टनेम, इंटरफेसचं नाव, आणि शेवटी ‘ऑफ’. म्हणजे २०३.०.११३.१०::२०३.०.११३.१:२५५.२५५.२५५.०, आणि पुढे उरलेले तीन. आयपीनंतर दोन कोलन लागोपाठ येतात, तिथे एकच पडला की सगळे भाग एक घर सरकतात.

अपडेट-इनिट्रॅमएफएस चालवा. ऑथराइज्ड-कीज फाइल नसल्याचा इशारा आला तर तिथेच थांबून दुरुस्त करा. मग एलएसइनिट्रॅमएफएसने आतली यादी काढा आणि ड्रॉपबेअर, ऑथराइज्ड-कीज आणि व्हर्टिओ-नेट (आभासी नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर) ही तिन्ही नावं डोळ्यांनी बघा.

रंगीत तालीम

बहुतेक जण ही पायरी वगळतात. डिस्क अजून उघडी आहे, काही बिघडलं तर नुकसान नाही. नेमक्या याच वेळी दार वाजवून बघायचं असतं.

आधी पॅनलमधला कन्सोल उघडून लॉगिन होतंय याची खात्री करा. डेबियनच्या क्लाउड इमेजमध्ये (व्हीपीएससाठी तयार मिळणारी सिस्टीम) कर्नलच्या ओळीत बऱ्याचदा दोन कन्सोल लिहिलेले असतात, आधी टीटीवाय० आणि मग सिरीयल पोर्टचा टीटीवायएस०. शेवटी लिहिलेला कन्सोल मुख्य मानला जातो. त्यामुळे सगळे प्रश्न सिरीयलवर जातात आणि ब्राउझरमधल्या व्हीएनसीच्या खिडकीत सर्व्हर गोठल्यासारखा दिसतो. तुमच्या पॅनलवर फक्त व्हीएनसी असेल तर क्रम उलटा करून टीटीवाय० शेवटी ठेवा. गोठलेल्या त्या चित्राकडे बघत मी एकदा दोन तास ग्रबला (सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्राम) दोष देत बसलो होतो. प्रश्न दुसऱ्याच कन्सोलवर उभा होता.

आता ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये कर्नलच्या ओळीत ‘ब्रेक=माउंट’ जोडा, अपडेट-ग्रब चालवा आणि रीबूट करा. मशीन रूट डिस्क जोडण्याच्या क्षणाआधी थांबेल, आणि तोवर ड्रॉपबेअर सुरू झालेला असेल. तुमच्या लॅपटॉपवरून पोर्ट २२२२वर एसएसएच करा. बिझीबॉक्सचं साधं प्रॉम्प्ट दिसलं की नेटवर्क, किल्ली, फायरवॉल सगळं जुळलं. होस्ट कीचा फिंगरप्रिंट लिहून घ्या. मग कन्सोलवर ‘एक्झिट’ टाइप केलं की बूट पुढे सरकतो.

उत्तर आलं नाही, तर होस्टिंगच्या पॅनलमधली फायरवॉल २२२२ला अडवते आहे का ते आधी बघा, नंतर ‘आयपी=’ची ओळ. हे जमेपर्यंत पुढे जाऊ नका. जमल्यावर ‘ब्रेक=माउंट’ काढून टाका आणि कॉन्फ फाइलमध्ये ड्रॉपबेअरला सी पर्यायाने क्रिप्टरूट-अनलॉक ही कमांड बांधून द्या, म्हणजे लॉगिन होताच थेट पासफ्रेजच विचारला जाईल.

पासफ्रेज

फाशाने निवडलेले सहा-सात असंबद्ध शब्द उत्तम. ७७७६ शब्दांच्या यादीतून निवडलेला एक शब्द सुमारे १२.९ बिट (ओळखणं किती अवघड याचं माप) देतो. सहा शब्दांचे ७७ बिट होतात. मराठी शब्द रोमन लिपीत लिहून स्वतःची यादी केली तरी चालेल, मात्र निवड फाशाने करा, मनाने नाही. आरती, अभंग, म्हण यांतली ओळ नको; आपल्याला पाठ असते ती इतर लाखोंनाही पाठ असते. देवनागरीत टाइप करू नका, कारण कन्सोलवर तो कीबोर्ड मिळणार नाही. चिन्हंही टाळा, व्हीएनसीत कीबोर्डची मांडणी बदलली की ती भलतीकडे जातात. साधी लहान अक्षरं आणि स्पेस पुरेत.

रेस्क्यू मोडमध्ये खरं काम

ऑटोमॅटिक वाढ आधी बंद करा. डेबियनच्या क्लाउड इमेजमध्ये एफएसटॅबमधल्या (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी) रूटच्या ओळीत ‘एक्स-सिस्टिमडी.ग्रोएफएस’ असतं, शिवाय सुरुवातीच्या सेटिंग लावणारं क्लाउड-इनिटही पार्टिशन आणि फाइलसिस्टिम वाढवतं. फाइलसिस्टिम आकसून मध्येच एकदा नेहमीचा बूट केलात, तर ती मुकाट्याने पुन्हा पूर्ण फुगते, आणि मग एन्क्रिप्शन तिची शेपटी कापून टाकतं. म्हणून एफएसटॅबमधून तो शब्द काढा, क्लाउड-इनिटमध्ये ग्रोपार्टचा मोड ऑफ आणि रीसाइझ-रूटएफएस फॉल्स करा, आणि आकसणं व एन्क्रिप्शन एकाच रेस्क्यू सत्रात उरका.

रेस्क्यू मोडमध्ये शिरताच टीमक्स किंवा स्क्रीन सुरू करा. घरचं इंटरनेट तुटलं तरी काम चालू राहिलं पाहिजे. क्रिप्टसेटअपची आवृत्ती बघा. चालू डेटा जागच्या जागी एन्क्रिप्ट करण्यासाठी २.२ किंवा पुढची हवी.

रूट पार्टिशन कुठेही माउंट नाही ना हे बघून ई२एफएसकेला एफ पर्याय देऊन तपासणी करा. मग रीसाइझ२एफएसने फाइलसिस्टिम ३०जी वर आणा. मुद्दाम जास्त आकसतो आहोत, शेवटी फुगवता येते. यानंतर पार्टेडने रूट पार्टिशनचा शेवट ३८.५ गिबीबाइटवर (१०२४च्या पटीतलं मोजमाप) आणा आणि उरलेल्या जागेत नवं पार्टिशन बनवा, ते बूटसाठी. पार्टेडमध्ये ‘जीबी’ म्हणजे १०००च्या पटीतलं मोजमाप, रीसाइझ२एफएसमध्ये ‘जी’ म्हणजे १०२४च्या पटीतलं. या फरकात फाइलसिस्टिमचा काठ कापला जाऊ शकतो, म्हणून पार्टेडला ‘जीआयबी’ असंच लिहा. उबुंटू २४.०४च्या क्लाउड इमेजमध्ये बूट आधीच वेगळं असतं, तिथे ही कापाकापी लागत नाही, फक्त आकसणं लागतं.

नव्या पार्टिशनवर एक्स्ट४ बनवा, जुन्या रूटमधल्या बूट फोल्डरमधलं सगळं त्यात उतरवा आणि दोन्ही अनमाउंट करा.

आता क्रिप्टसेटअप रीएन्क्रिप्ट. त्याला तीन पर्याय द्या: ‘एन्क्रिप्ट’, ‘टाइप लक्स२’ आणि ‘रिड्यूस-डिव्हाइस-साइझ ३२एम’, आणि शेवटी रूट पार्टिशनचं नाव. लक्स२चं हेडर १६ एमबीचं असतं आणि डेटा सरकवायला तेवढीच मोकळी जागा आणखी लागते, म्हणून ३२. व्हीपीएसला १ जीबीच मेमरी असेल तर ‘पीबीकेडीएफ-मेमरी’ २६२१४४, म्हणजे २५६ एमबी, असंही सांगा. पासफ्रेजवरून किल्ली काढणारं आर्गॉन२आयडी जितकी मेमरी आज वापरतं तितकी बूटच्या वेळीही मागतं. उद्या लहान प्लॅनवर उतरलात आणि मेमरी पुरली नाही तर बरोबर पासफ्रेज देऊनही डिस्क उघडणार नाही.

कमांड एक घाबरवणारी सूचना दाखवेल, अमुक तात्पुरत्या नावाच्या फाइलवरचा डेटा कायमचा पुसला जाईल म्हणून. ती फाइल म्हणजे नवं तात्पुरतं हेडर आहे, तुमचं पार्टिशन नाही. नाव नीट वाचा, पटलं तर कॅपिटल अक्षरांत ‘यस’ लिहा. वेळ स्टोरेजवर ठरते. सेकंदाला ८० एमबी वेग मिळाला तर ३८.५ जीबीला सव्वाआठ मिनिटं. मोकळी जागाही एन्क्रिप्ट होते, आणि तेच हवं आहे, कारण डिलीट केलेल्या फाइलींचे अवशेष तिथेच असतात. मध्येच मशीन बंद पडली तर घाबरू नका. किती काम झालं याची नोंद हेडरमध्ये असते, तीच रीएन्क्रिप्ट कमांड पुन्हा दिली की ती तिथून पुढे जाते.

संपताच लक्सहेडरबॅकअपने हेडरची फाइल काढून लॅपटॉपवर न्या. हे हेडर खराब झालं तर पासफ्रेज असूनही सगळं गेलं. पासफ्रेज पुढे कधी बदललात तर जुनी हेडर फाइल फेकून नवी काढा, कारण जुन्या फाइलला जुना पासफ्रेज चालतच राहतो.

आतून जोडणी

पार्टिशन ‘क्रिप्टरूट’ नावाने उघडा आणि रीसाइझ२एफएसला आकडा न देता चालवून फाइलसिस्टिम पूर्ण फुगवा. ते एमएनटीवर जोडा, आत बूट आणि ईएफआय जोडा, डेव्ह, प्रोक, सिस आणि रन बाइंड करा, मग सीएचरूट, म्हणजे त्या डिस्कवरच्या सिस्टीममध्ये शिरा.

क्रिप्टटॅबमध्ये (बूटच्या वेळी उघडायच्या एन्क्रिप्टेड पार्टिशनांची यादी) एक ओळ: नाव क्रिप्टरूट, मग यूयूआयडी (ओळख क्रमांक), मग ‘नन’, मग ‘लक्स,डिस्कार्ड,इनिट्रॅमएफएस’. यूयूआयडी लक्सच्या पेटीचा हवा, आतल्या फाइलसिस्टिमचा नाही. बीएलकेआयडी दोन्ही दाखवतं, ‘क्रिप्टो-लक्स’ लिहिलेला तो घ्या. इथलं नाव आणि तुम्ही पार्टिशन ज्या नावाने उघडलं ते एकच असलं पाहिजे. एफएसटॅबमध्ये रूटची ओळ मॅपरखालच्या क्रिप्टरूटवर आणा. पार्टिशनच्या यूयूआयडीवर ठेवलीत तर ती आता पेटीकडे बोट दाखवेल. नव्या बूटची ओळही जोडा. स्वॅपचं वेगळं पार्टिशन असेल तर तेही एन्क्रिप्ट करा किंवा काढून रूटमध्ये स्वॅप फाइल करा. उघड्या स्वॅपमध्ये मेमरीतलं काहीही सांडलेलं असू शकतं.

उबुंटूवर ग्रबच्या डिफॉल्ट फोल्डरमध्ये ‘फोर्स-पार्टयूयूआयडी’ नावाची फाइल आहे का बघा. ती असेल तर कर्नल इनिट्रॅमएफएसला वगळून थेट बूट व्हायचा प्रयत्न करतो, म्हणजे पासफ्रेज विचारणाराच कोणी उरत नाही. ती हटवा.

मग सगळ्या कर्नलसाठी अपडेट-इनिट्रॅमएफएस, त्यानंतर ग्रब-इन्स्टॉल, शेवटी अपडेट-ग्रब. बूट नव्या जागी गेल्यामुळे ग्रब-इन्स्टॉल टाळता येत नाही. एलएसइनिट्रॅमएफएसने पुन्हा यादी बघा: या वेळी क्रिप्टसेटअप आणि क्रिप्टटॅबही दिसले पाहिजेत. बाहेर या, सगळं अनमाउंट करा, रेस्क्यू मोड बंद करून रीबूट.

पहिला रीबूट आणि पुढचे दिवस

एका खिडकीत कन्सोल, दुसरीत पोर्ट २२२२वर एसएसएच. पासफ्रेज द्या, कनेक्शन तुटेल, काही सेकंदांनी नेहमीच्या पोर्टवर लॉगिन होईल. एलएसबीएलके चालवून रूट ‘क्रिप्ट’खाली बसलाय हे बघा. चूक झालीच असेल तर रेस्क्यू मोडमधून तोच क्रम: उघडा, जोडा, सीएचरूट, दुरुस्ती.

आता प्रत्येक रीबूट तुमची वाट बघणार आहे. अनअटेंडेड-अपग्रेड्समधला ऑटोमॅटिक रीबूट बंद करा. होस्टिंगवाल्याने देखभालीसाठी रात्री दोनला मशीन रीबूट केली तर सर्व्हर सकाळपर्यंत कुलपात राहील, म्हणून बाहेरून पिंग करणारं काहीतरी लावा आणि मोबाइलवर सूचना येऊ द्या. लक्स२मध्ये ३२ किल्ल्यांची जागा असते. लक्सॲडकीने दुसरा पासफ्रेज घाला, कागदावर लिहा, पाकीट बंद करा आणि भरवशाच्या माणसाकडे द्या, सोबत पोर्ट २२२२साठी त्या माणसाच्या किल्लीचीही ओळ जोडा. माझं पाकीट बहिणीकडे आहे; ती संगणकातली नाही, पण तिच्याकडून वर्षातून एकदा सर्व्हर उघडवून घेतो.

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं की एन्क्रिप्शनआधीचे सगळे स्नॅपशॉट आणि पॅनलवरचे जुने ऑटोमॅटिक बॅकअप पुसा. ते राहिले तर डेटा अजूनही तिथे जसाच्या तसा वाचता येतो. पुसल्यावरही होस्टच्या स्टोरेजवर जुने ब्लॉक काही काळ उरू शकतात, म्हणून एन्क्रिप्शनआधी डिस्कवर असलेले एपीआय टोकन, डेटाबेसचे पासवर्ड आणि एसएसएच किल्ल्या त्याच दिवशी बदलून टाका.